चित्रांतून कथा वाचताना

सुट्टीत नात बंगळूरहून नंदगडला आली, की तिच्या पिशवीतली पुस्तकं मी चाळतो. यंदा एक काळंपांढरं चित्रांचं पुस्तक हाती लागलं. वेताळाच्या कॉमिकसारखं काही असेल म्हणून उघडलं, तर आत फ्रान्झ काफ्का! पीटर कूपर या अमेरिकन चित्रकाराने काफ्काच्या १४ कथा चित्ररूपात आणल्या आहेत. पुस्तकाचं नाव ‘काफ्काएस्क’, साल २०१८.

अशा पुस्तकांना ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. नाव कादंबरीचं असलं तरी आत कथासंग्रहही असू शकतो. विल आयस्नर यांच्या ज्या पुस्तकामुळे १९७८ नंतर हा शब्द रुळला, त्यातही चार कथाच आहेत.

नातीने एक कथा तीन मिनिटांत संपवली. मी तिला म्हटलं, इतक्या घाईने नको. या प्रकारात दोन चौकटींमधली कोरी जागाही वाचायची असते. एका चौकटीत माणूस तरुण आणि पुढच्या चौकटीत म्हातारा दिसला, तर मधली वर्षं आपणच मनात भरायची. म्हणून आधी मजकूर, मग चित्र आणि मग पुन्हा दोन्ही एकत्र, असं सावकाश वाचावं.

दुसरी गोष्ट म्हणजे चित्रकार हा नुसता नक्कल करणारा नसतो, तोही एक वाचकच असतो. लेखकाने जे मोघम ठेवलं, ते त्याला ठरवावंच लागतं. काफ्काला याची जाणीव होती. ‘मेटामॉर्फोसिस’ या कथेचा नायक एका सकाळी किडा होऊन जागा होतो. १९१५ साली ती पुस्तकरूपाने निघत असताना काफ्काने प्रकाशकाला कळवलं, की मुखपृष्ठावर किडा काढू नका, अगदी लांबूनसुद्धा दाखवू नका. म्हणून चित्र पाहिल्यावर मूळ कथाही वाचावी, आणि चित्रकाराने काय जोडलं, काय गाळलं, ते शोधावं.

या संग्रहात कायद्याच्या दाराशी आलेल्या एका खेडुताची छोटी कथा आहे. द्वारपाल त्याला सांगतो, आत्ता आत जाता येणार नाही. तो स्टुलावर बसून राहतो. जवळचं सगळं द्वारपालाला देऊन टाकतो आणि तिथेच म्हातारा होतो. मरताना त्याला कळतं, की ते दार फक्त त्याच्यासाठीच होतं.

ही कथा मी नातीला मराठीत सांगितली. तिने विचारलं, “आज्जा, तुमच्या बँकेच्या दारात पण असं कुणी बसायचं काय?”

मला चटकन उत्तर देता येईना. केबिनबाहेरच्या बाकावर बसलेले शेतकरी आठवले. अर्ज इंग्रजीत, ते वाचणार मराठी. “पुढच्या आठवड्यात या” हे मीही कितीदा म्हटलं होतं. काफ्का स्वतः प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत नोकरी करायचा. टेबलाच्या दोन्ही बाजू त्याला माहीत असणार. मी मात्र ती कथा आजवर खेडुताच्याच बाजूने वाचत आलो होतो. चित्रात द्वारपाल समोर उभा दिसला, तेव्हा मी कोणत्या बाजूला होतो ते कळलं.

चित्र दाखवून कथा सांगणं आपल्याकडे नवं नाही. घाटाखाली कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे पोथीतलं एकेक चित्र समोर धरून कथा गाऊन सांगतात. चित्राला सांगणारा लागतोच.

आपल्या सभासदांच्या कितीतरी नातवंडांना मराठी बोलता येतं, पण वाचताना अडखळायला होतं. त्यांच्या हातात असं एखादं पुस्तक दिसलं तर ‘कॉमिक’ म्हणून हिणवू नका. शेजारी बसा, चित्र त्यांना बघू द्या आणि कथा तुम्ही मराठीत सांगा. मग त्यांचे प्रश्न ऐका. उत्तर लगेच सुचलं नाही तरी चालेल.