प्रेशर वॉशर घेताना : नुसता ‘बार’ पाहू नका

घर, दुकानाचा ओटा, स्कूटर, रिक्षा आणि टेम्पो धुण्यासाठी विजेवर चालणारे प्रेशर वॉशर आता साध्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळते आणि मोबाईलवरून मागवले तर घरपोच येते. वस्तू कामाची आहे. मात्र ती घेताना आपले व्यापारी आणि कारागीर बांधव एकच आकडा पाहतात, तो म्हणजे बार. ज्या खोक्यावर बारचा आकडा मोठा ते मशीन चांगले, असा समज पसरला आहे आणि या समजापायी पैसे पाण्यात जातात.

माझ्या भाच्याचेच घ्या. नाक्यावर मोटारसायकली आणि रिक्षा धुण्याचे काम सुरू करावे म्हणून त्याने असे एक मशीन आणले. खोक्यावर ठळक अक्षरांत २२० बार लिहिले होते. दुकानदार म्हणाला, दिवसभर चालवा, काही होत नाही. चौथ्या महिन्यात मोटार जळली. वॉरंटी वर्षाची होती, पण कार्डावर बारीक अक्षरांत ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असे छापले होते, म्हणून दुरुस्ती नाकारली गेली. भांडवल माझ्या बहिणीच्या भिशीचे होते. मी कापडाचा माणूस, यंत्राचा नव्हे. पण ती जळालेली मोटार घेऊन वाइंडिंगवाल्याकडे आणि पंपवाल्याकडे हिंडताना जे समजले, ते वाचक बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

बार हे दाबाचे माप आहे. काही खोक्यांवर ते पीएसआयमध्ये असते. १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय, त्यामुळे १,४५० पीएसआय वाचून दिपून जाऊ नये, ते १०० बारच होतात. दुसरे माप पाण्याचे, म्हणजे मशीन मिनिटाला किंवा तासाला किती लिटर पाणी फेकते ते. मळ दाबाने सुटतो, पण सुटलेला मळ वाहून नेण्याचे काम पाणी करते. टॉवेलचे गिऱ्हाईक नुसती लांबी-रुंदी विचारते आणि वजन विचारत नाही, तेव्हा आपल्याला हसू येते. नुसता बार विचारणारा ग्राहक तसाच.

आता एक साधा हिशेब सांगतो. तो दुकानात उभ्या उभ्या करता येतो. बारच्या आकड्याला मिनिटाच्या लिटरने गुणा आणि ६०० ने भागा. जे उत्तर येईल तितके किलोवॅट पाण्याला द्यावे लागतात. लिटर तासाचे दिले असतील तर आधी ६० ने भागून मिनिटाचे करा. समजा मशीन ११० बार आणि ताशी ३६० लिटरचे आहे. मिनिटाला ६ लिटर झाले. ११० गुणिले ६ म्हणजे ६६०, भागिले ६०० म्हणजे १.१ किलोवॅट. मोटार १८०० वॅटची असेल तर हे पटण्यासारखे आहे, कारण विजेतला मोठा हिस्सा मोटारीच्या आणि पंपाच्या गरमीत जातो. आता भाच्याचे मशीन पाहा. २२० बार, मिनिटाला ८ लिटर आणि मोटार तीच १८०० वॅटची. हिशेब केला तर २.९ किलोवॅट येतात. वीज घेते १.८ आणि पाण्याला देते २.९, असे यंत्र दुनियेत कुठेही बनत नाही. एक तर बार खोटा किंवा लिटर खोटे.

काही कंपन्या खोटे लिहीत नाहीत, पण अर्धे लिहितात. गन बंद करण्याच्या क्षणी दाब क्षणभर चढतो. तो कमाल दाब खोक्यावर मोठ्या अक्षरांत येतो आणि प्रत्यक्ष पाणी सुटत असतानाचा दाब आतल्या पुस्तिकेत लहान अक्षरांत राहतो. पुस्तिका उघडून कामाचा दाब विचारावा. घरासाठी, दुचाकीसाठी आणि एखाद्या गाडीसाठी कामाचा दाब ९० ते ११० बार आणि मिनिटाला ६ ते ७ लिटर पाणी एवढे पुष्कळ झाले. त्याहून जास्त दाब घेऊन रंग उडवण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

मोटारीचे दोन प्रकार आहेत. एकीत कार्बन ब्रश असतात, मिक्सरच्या मोटारीसारखी ती. हलकी, स्वस्त आणि कानठळ्या बसवणारी. पंधरा-वीस मिनिटे चालवून तिला आराम द्यावा लागतो. दुसरी इंडक्शन मोटार. ती वजनदार, महाग, पण आवाज कमी आणि आयुष्य जास्त. उचलून पाहिले तरी फरक कळतो. आठवड्यातून एकदा गाडी आणि महिन्यातून एकदा ओटा धुणाऱ्याला ब्रशवाली चालते. ज्याचे दोन टेम्पो आहेत आणि जो रोज मशीन काढणार आहे, त्याने इंडक्शनच घ्यावी. पंपाचे तोंड प्लॅस्टिकचे, अॅल्युमिनियमचे की पितळेचे हेही विचारावे. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार फार. पितळ ते जास्त दिवस सोसते.

आणि ज्याला धुलाईचा धंदाच करायचा आहे, त्याने ही खेळणी घेऊच नयेत. सर्व्हिसिंगवाले पट्ट्यावर चालणारा तीन प्लंजरचा पंप लावतात, तो पाहून यावा. त्याचा दाब ३०-३५ बारच असतो, पण पाणी मिनिटाला वीस-बावीस लिटर. वरच्या हिशेबाने त्यालाही सव्वा किलोवॅटच लागतात, म्हणजे २ हॉर्सपॉवरची मोटार पुरते. मडगार्डखालचा चिखल दाबाने कमी आणि पाण्याच्या लोटाने जास्त निघतो. पंप हळू फिरतो, तेलात बुडालेला असतो आणि दिवसभर चालतो. धंद्यासाठी घरगुती मीटरवरून वीज घेऊ नये, ही एक गोष्ट बरेच जण विसरतात. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

मशीन घेण्याआधी घरी एक काम करावे. १५ लिटरची बादली नळाखाली लावून घड्याळ पाहावे. दीड मिनिटात भरली तर त्या नळावर मशीन चालेल. तीन मिनिटे लागत असतील तर पंप हवा ओढेल, धडधडेल आणि त्याचे सील जातील. गच्चीवरच्या टाकीचा दाब फार नसतो. १० मीटर उंचीला कुठे १ बार मिळतो, म्हणजे एका मजल्याला अर्धा बारही नाही. ज्या गावांत नळ दिवसाआड येतो, तिथे पिंपातून पाणी ओढणारे मशीन घ्यावे. सर्वच मशीन ओढत नाहीत, तसे आधी स्पष्ट विचारावे. ओढणाऱ्या मशीनचाही पाईप आधी पाण्याने पूर्ण भरून मगच जोडावा, पिंप जवळ ठेवावे आणि टोकाला जाळी लावावी. कोरडा पंप एक मिनिटही चालवू नये.

पाण्याच्या बाबतीत मात्र हे मशीन खरोखर किफायतशीर आहे. माझ्या दुकानाबाहेरचा साधा पाईप मिनिटाला १५ लिटर ओततो आणि साबण लावताना तो जमिनीवर वाहतच राहतो. दहा मिनिटांत दीडशे लिटर गेले. मशीन तेवढ्याच वेळात ६० ते ७० लिटर घेते आणि गन सोडली की पाणी बंद. वुजू करतानासुद्धा पाण्याचा इस्राफ नको, ही तालीम घेतलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. तरी टँकरच्या दिवसांतही पाईप वाहताना दिसतातच.

गन सोडल्यावर मोटार आपोआप थांबते की नाही, हे दुकानात चालवून पाहावे. थांबत नसेल तर पाणी पंपातच फिरते, गरम होते आणि सील खाते. अशा मशीनची गन दोन मिनिटांपेक्षा जास्त बंद ठेवू नये. आपोआप थांबणारे मशीन गन न दाबता मधूनमधून स्वतःच चालू होत असेल, तर कुठेतरी दाब गळतो आहे असे समजावे आणि ते लगेच दाखवावे.

विजेचा विषय थट्टेचा नाही. १८०० वॅटची मोटार ८ अँपिअरच्या आसपास ओढते. त्यासाठी १६ अँपिअरचा पॉइंट आणि खरी अर्थिंग लागते. पुष्कळ जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेची असते. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून विजेचे मशीन चालवणाऱ्याची जान त्या एका डबीवर अवलंबून असते. जोडवायर जाड, म्हणजे निदान दीड चौरस मिलिमीटरची असावी, गुंडाळी पूर्ण सोडलेली असावी आणि जोड पाण्यात पडू देऊ नये.

दुसरा धोका गनचा आहे आणि तो लोकांना माहीतच नाही. बारीक धार बोटावर लागली तर पाणी कातडीत घुसते. बाहेरून टाचणीएवढे छिद्र दिसते, दुखतही फारसे नाही, पण आत पाणी आणि घाण पसरत जाते आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. हळद लावून घरी बसू नये. त्याच तासाला दवाखान्यात जावे आणि प्रेशरच्या धारेने लागले आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पायात बूट, डोळ्यांवर चष्मा. दुकानातल्या पोरांनी गंमत म्हणून एकमेकांवर गन धरली तर तिथल्या तिथे हातातून काढून घ्यावी.

गाडीवर पंख्यासारखी पसरणारी, २५ किंवा ४० अंशांची धार वापरावी. नोझलला रंग असतात : हिरवे २५ चे, पांढरे ४० चे. लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, तिच्या वाटेला घरी जाऊच नये. गाडीपासून फूट-दीड फूट अंतर ठेवावे. टायरच्या बाजू, रेडिएटरच्या पात्या, दरवाजाचे रबर, नंबर प्लेटचे स्टिकर आणि जिथे डेंटिंगनंतर रंग मारला आहे ती जागा यांवर जवळून धार मारू नये. मोटारसायकलच्या चाकाच्या बेअरिंगवर धार गेली की ग्रीस निघते आणि महिन्याभरात चाक आवाज करू लागते. बॅटरीवरच्या स्कूटर आणि ई-रिक्षांना तर चार्जिंगचे तोंड, कंट्रोलर आणि मोटार यांपासून धार दूर ठेवावी. तिथे ओला कपडाच बरा. लूमची धूळ आणि कापूस काढायला हे मशीन आणू नये, त्यासाठी हवेचा कॉम्प्रेसर आहे.

घरात सिमेंटचा कोबा, शहाबादी फरशी, कंपाउंडची भिंत आणि पावसाळ्यात मशिदीच्या हौदाभोवती धरणारे शेवाळ यांवर मशीन उत्तम चालते. जुन्या चुन्याच्या भिंती, टाइल्सचे सांधे, एसीच्या बाहेरच्या पात्या आणि छतावरचे सोलर पॅनेल यांवर नाही. शटर धुतले तर वाळल्यावर पट्ट्यांना ग्रीस लावावे.

बकरी ईदला बरेच जण कुर्बानीची जागा धुण्यासाठी मशीन काढतात. काम होते, पण क्रम चुकतो. रक्तावर थेट धार मारली की छिंटे भिंतीवर, कपड्यांवर आणि शेजाऱ्याच्या दारापर्यंत उडतात आणि पाक-नापाकचा सवाल उभा राहतो. आधी सगळे तुकडे उचलून पिशवीत भरावेत, गटारात लोटू नयेत. मग बादलीने थंड पाणी ओतून खराट्याने वाहून न्यावे. गरम पाणी नको, रक्त धरून बसते. धार शेवटी, दुरून आणि उतरत्या बाजूला मारावी.

फेसासाठी गनला लावायची बाटली येते, तिच्यात गाडीचा शाम्पू घालावा. कपड्याची पावडर, फिनेल, अॅसिड किंवा रॉकेल पंपातून ओढू नये.

खरेदी करताना सील किट, कार्बन ब्रश आणि गन वेगळी मिळते का, कुठे मिळते, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. एकच बनावटीचे मशीन निरनिराळ्या नावांनी विकले जाते आणि वर्षभरानंतर ते नावच बाजारात राहत नाही. बिल पक्के घ्यावे. ज्यांचा जीएसटी नंबर आहे आणि मशीन धंद्यासाठी आहे, त्यांना भरलेल्या कराचे क्रेडिट मिळू शकते, ते कच्च्या चिठ्ठीवर मिळत नाही. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून मशीन गळ्यात मारले जाते, त्याबद्दलही सावध असावे. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या रूपाने लपवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ मध्ये बँकांना सुनावले होते. सूद टाळायचा असेल तर रोख किंमत आणि हप्त्याची एकूण रक्कम, फीसकट, कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहावी.

काम झाले की आधी स्विच बंद, मग नळ बंद, मग गन दाबून उरलेला दाब काढावा आणि पंपातले पाणी सांडून द्यावे. जाळी महिन्यातून एकदा उघडून धुवावी. भाच्याने आता पट्ट्यावरचा जुना पंप दुरुस्त करून घेतला आहे, मीटर दुकानाच्या नावावर आहे. जळालेल्या मशीनचा पाईप आणि गन तेवढी त्याच्या घरी ओटा धुण्याच्या दुसऱ्या मशीनला बसली.