ॲस्पिरिन आणि आतड्याचा कर्करोग
बोळिंजच्या कुठल्याही औषध दुकानात स्वस्तात मिळणारी ॲस्पिरिन मोठ्या आतड्याचा कर्करोग रोखू शकते. पण सरसकट सगळ्यांचा नाही. ‘लिंच सिंड्रोम’ हा आनुवंशिक दोष असलेल्या ८६१ जणांच्या अभ्यासात रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांना हा कर्करोग झाला, नुसतीच दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांना. इतरांचा हिशेब वेगळा. या गोळीने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने हृदयविकाराचा धोका असलेल्या पन्नाशीतल्यांना २०१६ मध्ये दिलेला सल्ला २०२२ मध्ये मागे घेतला. घरात दोघा-तिघांना हा कर्करोग झाला असेल, तर परळच्या टाटा रुग्णालयात आनुवंशिक तपासणी होते. शौचावाटे रक्त पडत असेल तर मूळव्याध समजून घरी बसू नये. आधी दुर्बिणीची तपासणी करावी.