दोनशे बारा खेळ आणि मामांचा एक प्रश्न

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे मामा पंधरा दिवसांसाठी दुबईला आले होते. मामा म्हणजे जुने आखातवाले. १९८६ ते २००१ अशी पंधरा वर्षे त्यांनी शारजात काढली, रोल्याजवळच्या एका खोलीत, सहा जणांत एक. मग नाशिकला परतले ते परत इकडे फिरकलेच नाहीत. विमानतळावरून येताना उंच इमारती बघून "अरे, इथे नुसती वाळू होती" असं दहा वेळा म्हणून झालं, घरी चहा झाला, आणि त्यांची नजर दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटावर गेली.

"हे काय रे? पुस्तकं?"

"नाही मामा, व्हिडिओ गेम. दोनशे बारा आहेत," मी थोड्या अभिमानानेच सांगितलं.

मामांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "बरं. आणि यातले खेळलास किती?"

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. हाच प्रश्न ती गेली नऊ वर्षे विचारते आहे. फरक एवढाच, की तिला "तुला नाही कळायचं" म्हणून वाटेला लावता येतं. मामांना कसं लावणार? कारण या सगळ्याची सुरुवात त्यांनीच करून दिली होती.

१९९१ च्या मे महिन्यात मामा सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या बॅगेत टँगची बाटली, अत्तर आणि साड्यांच्या खाली एक टीव्ही गेम होता. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली 'फॅमिकॉम' नावाचं यंत्र काढलं. आपल्याकडच्या घरांत पोचली ती बहुतेक त्याची नक्कल. पण आम्हाला अस्सल-नक्कल कुठे ठाऊक! कॅसेट अडकली की फुंकर मारायची, पुन्हा खोचायची आणि मारिओ सुरू. (फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्याने आतले संपर्क गंजतात, हे इंजिनिअर झाल्यावर कळलं.) वडिलांनी मात्र कपाळाला हात लावला होता. "एवढ्या पैशात पोराला सायकल आली असती," असं ते कितीतरी दिवस म्हणत.

पुढे शिक्षण, नोकरी यात सगळं मागे पडलं. इंग्लंडला एम.एस्सी. करत असताना रविवारच्या जुन्या बाजारात एक-एक पौंडाला त्याच कॅसेटी दिसायच्या, पण तेव्हा एक पौंड म्हणजे एका वेळचं जेवण होतं. दुबईत आलो, बरा पगार सुरू झाला आणि मनात दबलेला तो अकरा वर्षांचा मुलगा बाहेर आला. कधी बर दुबईतल्या जुन्या दुकानात, कधी परत जाणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या आवराआवरीत, कधी दुबिझलवर. "एवढा एकच" असं म्हणत म्हणत दोनशे बारा झाले.

मामांच्या प्रश्नाने त्या रात्री झोप लागेना. शेवटी उठलो आणि हिशेब मांडायला बसलो. इंजिनिअरला दुसरं येतं काय? नऊ वर्षांत खर्च ३१,४०० दिरहम. मनापासून खेळलेले खेळ ५८, त्यांचे ८,६००. उरलेले १५४ एकतर उघडलेच नाहीत, नाहीतर दहा मिनिटांत परत ठेवले. त्यांचे २२,८००.

आता गंमत बघा. खेळलेल्या ५८ खेळांना सरासरी वीस तास धरले, तर तासाला साडेसात दिरहमसुद्धा पडत नाहीत. दुबईत चौघांनी सिनेमाला जाऊन पॉपकॉर्न खायचं म्हटलं तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे खेळण्यावरचा पैसा वाया गेला असं कुठलाच हिशेबनीस म्हणणार नाही. खटकत होते ते २२,८००. तो खेळण्यावरचा खर्चच नव्हता. तो 'असू दे आपल्याकडे' यावरचा खर्च होता.

"पण मामा, याला किंमत येते," मी सकाळी शेवटचं अस्त्र काढलं. ते खोटंही नाही. २०२१ च्या जुलैमध्ये 'सुपर मारिओ ६४' ची एक सीलबंद प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली, आणि त्याच वर्षी मूळ 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक प्रत २० लाखांना. पण शब्द लक्षात घ्या: सीलबंद. म्हणजे कोणीही, कधीही न खेळलेली. माझा माल उघडलेला, हाताळलेला. एका दुकानदाराला सगळ्याचा भाव विचारला तेव्हा त्याने अकरा हजार सांगितले. म्हणजे ही गुंतवणूक नव्हे, हे तिथेच ठरलं.

त्यात आपली इथली हवा. सुट्टीला भारतात जाताना आपण एसी बंद करून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये बंद घरात काय होतं ते भिंतीवरची बुरशीच सांगते. लेबलं सुटतात, पुठ्ठ्याची खोकी फुगतात. जुनं प्लॅस्टिक पिवळं पडतं, कारण आग लागू नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात. ज्या कॅसेटींत खेळाची प्रगती साठवायला बटणाएवढा सेल असतो, तो वीसेक वर्षांत संपतो आणि साठवलेलं सगळं पुसून जातं. मग डागणी घेऊन नवा सेल बसवा. शेवटची तीन वर्षे आम्ही त्या कपाटासाठी सुट्टीतही एसी चालू ठेवत होतो. ते बिल तर मी हिशेबात धरलेलंच नाही!

मग हे सगळं मूर्खपणाचं का? तसंही वाटत नाही. पुण्याला बाजीराव रोडजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं असेल. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी. घराघरातल्या साध्या वस्तू, ज्या लोक मोडीत घालत होते. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्या संग्रहाला दिलं. आज तिथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्या काळी त्यांनाही कोणी विचारलंच असेल, की अडकित्ते कशाला हवेत एवढे?

खेळांचीही तीच गत आहे. १९८३ साली अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या आणि त्यातली एक आता स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. अमेरिकेत २०२३ साली झालेल्या एका पाहणीत असं दिसलं, की तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. आणि नवे खेळ? ते तर डाउनलोड करायचे. निन्टेंडोने मार्च २०२३ मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं. 'द क्रू' नावाचा मोटारींचा खेळ कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करताच पैसे मोजलेल्या लोकांनाही खेळता येईना. हातात कॅसेट असण्याला अर्थ आहे, तो असा.

पण केळकरांनी जमवलेलं लोकांसाठी खुलं केलं. माझ्या कपाटाला मात्र कुलूप होतं. मुलीच्या मैत्रिणी आल्या की मीच ओरडायचो, "हात लावू नका." तिथे माझा युक्तिवाद लंगडा पडला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी कुलूप काढलं आणि मारिओ लावला. हा सबंध खेळ फक्त ४० किलोबाइटचा आहे, मोबाइलवरच्या एका फोटोच्या कितीतरी पट लहान. मामांच्या हातात कंट्रोलर दिला. ते त्याच्याकडे बघतच राहिले.

"हा मी कधी हातात धरला नव्हता," ते म्हणाले.

"म्हणजे? तुम्हीच तर आणला होता!"

"दुकानाच्या काचेतून बघितला होता. दुकानदार खेळून दाखवायचा. सुट्टीत तुम्ही पोरं सोडत होतात का? आणि खोलीवर आमच्याकडे टीव्ही एकच, त्यावर सहा जणांची भांडणं."

त्र्याहत्तर वर्षांचे मामा पहिल्याच राक्षसाला धडकून तीनदा मेले. माझी पंधरा वर्षांची मुलगी शेजारी बसून "आजोबा, उडी! उडी मारा!" म्हणून ओरडत होती. पहिली पातळी पार व्हायला पाऊण तास लागला. जेवणं गार झाली आणि बायकोने एकदाही हाक मारली नाही.

मी त्याच आठवड्यात ते १५४ विकायला काढले. आतापर्यंत नव्वद गेले. त्याचे पैसे मुलीच्या कॉलेजच्या खात्यात. उरलेले ५८ कपाटात आहेत, पण कपाटाला कुलूप नाही. नवा खेळ घ्यायचा तर घरातल्या निदान एकाने तरी माझ्याबरोबर बसून खेळायचं कबूल केलं पाहिजे, असा ठराव झाला आहे. ठराव बायकोने मांडला, अनुमोदन मुलीचं, आणि विरोध करायला मी एकटाच!

मामा परत जाताना एक यंत्र आणि मारिओची कॅसेट त्यांच्या बॅगेत घातली. ३१,४०० पैकी कुठले पैसे कारणी लागले हे मला कोणी विचारलं, तर त्या कॅसेटचे १२० दिरहम नक्की सांगता येतात.

आता मंडळी, तुमच्या घरी व्हिडिओ गेम नसतीलही. पण कपाट प्रत्येकाकडे असतं. कोणाचं डिनर सेटचं, कोणाचं अत्तरांचं, कोणाचं कॅमेऱ्यांचं, कोणाचं "फ्लॅटवर लागतील" म्हणून जमवलेल्या गालिच्यांचं. एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि दोनच रकाने करा: 'वापरलं' आणि 'असू दे'. पहिल्या रकान्याबद्दल कोणाचं ऐकून घेऊ नका. दुसऱ्याबद्दल मात्र मामांना बोलवा.