'कट्ट' आवाज आला, म्हणजे दुखणे गेले?

मागच्या वर्षी पालकसभेला एक आई आली आणि तासभर भिंतीला टेकून उभीच राहिली. खुर्ची रिकामी होती. आम्ही दोनदा बसायला सांगितले, तिने हसून नकार दिला. सभा संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "टीचर, एकदा बसले की उठता येत नाही. आठ महिने झाले कंबर धरून."

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून जीन्सचे गठ्ठे घरी आणून ती धागे कापते. पाय दुमडून, मान खाली घालून, दिवसाचे सहा-सात तास. घरात कोणाला सांगितले नव्हते. "सांगितले तर काम बंद करा म्हणतील. मग मुलांची फी कुठून भरायची?"

पुढची हकीकत तिनेच नंतर सांगितली. नात्यातल्या कोणीतरी तिला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एक माणूस रुग्णाची मान धरतो, झटका देतो, 'कट्ट' आवाज येतो आणि रुग्ण हसत उठतो. तसाच उपचार करणारा एक जण जवळपास मिळाला. त्याने काही विचारले नाही, तपासले नाही. दोन मिनिटांत पाठ आणि मान मोडून दिली आणि पैसे घेतले. दोन दिवस हलके वाटले. तिसऱ्या दिवसापासून वेदना दुप्पट झाली. संध्याकाळी बारीक ताप तर आधीपासूनच येत होता, वजनही उतरले होते. पण हे तिला कोणी विचारलेच नव्हते. शेवटी सरकारी रुग्णालयात एक्स-रे आणि एमआरआय झाला. मणक्याचा टीबी निघाला.

अल्हम्दुलिल्लाह, आज ती बरी आहे. औषधांचा कोर्स पूर्ण झाला, कामही थोडे थोडे सुरू झाले आहे. पण ज्या मणक्याला आतून कीड लागली होती त्यालाच झटका दिला गेला, हे आठवले की आजही आमच्या अंगावर काटा येतो. नुकसान याहून मोठे होऊ शकले असते.

म्हणून या लेखात 'कायरोप्रॅक्टिक' या उपचाराची माहिती देत आहोत. ही पाटी आता आपल्याकडेही दिसू लागली आहे. हा उपचार वाईटच, असे आमचे म्हणणे नाही. पण पाठ कोणाच्या हाती द्यायची, हे समजून द्यावे.

हा उपचार आला कोठून?

अमेरिकेतील आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट नावाचे गाव आहे. तेथे डी. डी. पामर यांनी १८ सप्टेंबर १८९५ रोजी हार्वी लिलार्ड या इमारतीच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका हाताने दाबून 'जागेवर बसवला'. लिलार्ड यांना कमी ऐकू येत असे. या उपचाराने ते ऐकू लागले, असा पामर यांचा दावा होता. ग्रीक भाषेतील 'हात' आणि 'क्रिया' या शब्दांवरून उपचाराला नाव मिळाले. बहुतेक आजार मणके सरकल्यामुळे होतात, असे पामर मानत. आजचे वैद्यकशास्त्र हे मान्य करत नाही. मधुमेह, दमा, वंध्यत्व किंवा बहिरेपणा मणका दाबून बरा करतो असे कोणी सांगितले, तर तेथून सरळ उठून यावे.

मात्र कंबरदुखीची गोष्ट वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. या संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात रुग्णाला नीट समजावून सांगणे, व्यायाम, मालिश यांच्याबरोबर हाताने मणक्यांना चालना देण्याचा उपचारही एक पर्याय म्हणून आहे. आपल्याकडे दुखले की पहिली खरेदी होते ती कंबरपट्ट्याची. त्या पट्ट्याची शिफारस मात्र या सूचनांत केलेली नाही.

'कट्ट' म्हणजे काय?

अनेकांना वाटते, आवाज आला म्हणजे सरकलेले हाड जागेवर बसले. तसे नाही. सांध्यात एक चिकट द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतला दाब कमी होतो, त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडताना येतो तोच हा आवाज. तो आला म्हणजे आजार गेला असे नाही आणि नाही आला म्हणजे उपचार फुकट गेला असेही नाही.

चांगल्या ठिकाणी पहिल्या भेटीत काय होते?

पहिल्या भेटीत बराच वेळ विचारपूस आणि तपासणीतच जातो. दुखणे कधी सुरू झाले, कुठे पसरते, रात्री झोपेतून उठवते का, ताप येतो का, वजन घटले का, पडला होता का, कर्करोग किंवा टीबी होऊन गेला का, रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू आहेत का, बाई गरोदर आहे का, हे सगळे विचारले जाते. मग वाकायला लावतात, पाय सरळ उचलून पाहतात, गुडघ्यावर छोटी हातोडी मारतात, पायाला बधिरता आहे का ते तपासतात. एक्स-रे प्रत्येकाला लागतोच असे नाही.

त्यानंतर काय करणार आहेत ते सांगून तुमची परवानगी घेतली जाते. उपचार झटक्याचा असू शकतो किंवा हळूहळू दाब देण्याचाही. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे साधारण आहे. घरी करायचे व्यायाम शिकवले जातात आणि खरा टिकाऊ फायदा बहुतेकदा त्यांचाच होतो. दोन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर उपचाराचा पुन्हा विचार व्हायला हवा. पहिल्याच दिवशी वीस-तीस भेटींचे पैसे आगाऊ मागणाऱ्यापासून सावध राहा.

मानेच्या झटक्याबाबत जास्त काळजी घ्या. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या मानेतून जातात. झटक्यानंतर धमनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. ती विरळ आहेत, पण मानेला झटका नको असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हात लावणारा कोण?

परदेशात कायरोप्रॅक्टर होण्यासाठी साधारण चार-पाच वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण असते. भारतात या उपचारासाठी स्वतंत्र सरकारी परिषद नाही. म्हणून पाटी वाचून थांबू नका, पदवी विचारा. हाताने मणक्यांचा उपचार करणारे अनेक जण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात. फिजिओथेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्रात राज्य परिषदेकडे होते. तो नोंदणी क्रमांक विचारण्यात लाज कसली? रिक्षात बसताना आपण भाडे विचारतोच ना!

आपल्या मोहल्ल्यांत हाड बसवणारे पहिलवानही असतात. त्यांच्याविषयी लोकांच्या मनात आदर आहे. पण हातात कितीही कसब असले तरी मणक्याच्या आत टीबी आहे की गाठ, हे बोटांना कळत नाही.

आधी डॉक्टरांकडे केव्हा?

कंबरदुखीबरोबर ताप, घटणारे वजन किंवा रात्रीची वेदना असेल, वय जास्त असून हाडे ठिसूळ झाली असतील किंवा अपघात झाला असेल, तर कोणालाही पाठ दाबू देऊ नका, आधी डॉक्टर गाठा. पायातली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, बसण्याच्या जागेला बधिरता येणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जा. उल्हासनगरला सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ साली सुरू झालेली शारीरिक पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे. टीबी निघालाच तर त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

बहिणींसाठी दोन शब्द

पडद्याच्या संकोचाने अनेक बहिणी दुखणे अंगावर काढतात. तपासणीसाठी महिला फिजिओथेरपिस्ट मागता येते, सोबत घरची बाई ठेवता येते, सैल सलवार-कमीजमध्ये बहुतेक तपासणी होते. नको वाटेल तेथे 'थांबा' म्हणा. रुकू आणि सजद्यात दुखत असेल तर तेही तपासणाऱ्याला सांगा, त्यावरून दुखण्याची जागा कळायला मदत होते. आजारी माणसाला खुर्चीवर बसून नमाज पढण्याची सवलत आहे. ती केव्हा आणि कशी घ्यावी हे आपल्या मौलानांना विचारावे.

आणि घरच्या पुरुषांनाही सांगणे आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत दिवसभर उभे राहणारा असो की बदलापूरहून लोकलमध्ये लटकत मुंबई गाठणारा, त्याच्या कंबरेला आपण रात्री तेल लावतो. घरी बसून धागे कापणारीच्या कंबरेला कोण विचारते? दर अर्ध्या तासाने तिला उठून चार पावले चालू द्या, गठ्ठा पाटावर किंवा टेबलावर ठेवून द्या, पाण्याची कळशी तुम्ही उचला.

परवा ती आई पुन्हा पालकसभेला आली होती. या वेळी तिने खुर्ची ओढली आणि बसली. सभा संपल्यावर उठताना आमच्याकडे पाहून हसली. तुमच्या घरात कोणी बरेच दिवस भिंतीला टेकून उभे राहत असेल, तर आजच जवळ जाऊन विचारा, कधीपासून दुखते आहे?