इवलासा संगणक, अवाढव्य काम

खेळातल्या पत्त्याएवढ्या पाटीवर मावणाऱ्या, २०१६ सालच्या रास्पबेरी पाय ३ या संगणकात प्रोसेसरचे कोर चार असले, तरी मेमरीची शिल्लक अवघी १ जीबी. त्यामुळे सी प्लस प्लसमधील एखादा विशाल प्रकल्प कंपाइल करू पाहणारा उत्साही गृहस्थ चारही कोर एकदम कामास जुंपतो, तेव्हा प्रत्येक कंपायलर शेकडो एमबींची मागणी घेऊन दरबारात उभा राहतो, खजिना रिता होतो, आणि लिनक्सचा कर्नल निर्विकारपणे एकाला बरखास्त करतो. एसडी कार्डावर स्वॅप नेमून तात्पुरती तजवीज होते खरी, परंतु ते मंद, शिवाय लिहून लिहून झिजणारे. त्यापेक्षा एका वेळी एकच फाइल सोपवून निवांत झोपावे, हे मला अधिक पसंत. मात्र अखेरच्या लिंकिंगला सारे तुकडे सांधताना हीही युक्ती कधी तोकडी पडते, आणि मोठ्या संगणकावर क्रॉस-कंपाइल करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.