फराळाच्या खोक्यातला विस्तव

मैत्रिणींनो, खोताच्या वाडीतल्या बोळातून दिवाळीआधी एखादं तरी फराळाचं खोकं परदेशी निघतंच. चकल्या मोडू नयेत म्हणून केवढी काळजी! पण उरलेल्या फटीत आपण नेलपॉलिश, पूजेचा कापूर, काड्यापेटी, लेकीची विसरलेली पॉवर बँक सारून देतो आणि यादीत लिहितो ‘फक्त खाऊ’. इथंच चुकतं बघा.

लिथियमची बॅटरी दिसायला साबणाच्या वडीएवढी. पण ती चेचली गेली, किंवा सुट्या बॅटरीच्या टोकांना किल्ली-नाणं टेकलं, तर आतल्या आत तापत जाऊन पेटते. मग शेजारचीही पेटते. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेलं यूपीएसचं मालवाहू विमान आग लागून कोसळलं, दोघेही वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. २०१६पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला बंदी आहे.

आपल्या मुंबईला हा धडा जुनाच. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोटीला आग लागली. एकाच कप्प्यात खाली कापसाच्या गाठी, वर स्फोटकं! दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ हाच दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. लोकांना त्या बोटीतल्या सोन्याच्या विटा आठवतात, मला मात्र ती मांडणीच छळते. कशाशेजारी काय ठेवू नये, हे ठरवायचं तर आत काय आहे ते आधी कळायला नको का?

तेव्हा पॉवर बँक खोक्यात नकोच. लेक येईल तेव्हा हातातल्या बॅगेतून नेईल. चेक-इनच्या बॅगेत ती चालत नाही. शंभर वॅट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, वीस हजार एमएएचची साधारण ७४ भरते. तरी विमान कंपनीला विचारावं. मोबाइल पाठवायचाच असेल तर तो बंद करा, नीट गुंडाळा आणि कुरियरवाल्याला ‘आत बॅटरी आहे’ हे स्पष्ट सांगा, कागदावरही लिहा. तो ‘नाही जमणार’ म्हणाला तर त्याच्यावर चिडू नका. फुगलेली बॅटरी मात्र कुठंच पाठवू नका, घरात चार्जिंगलाही लावू नका. आपल्या वाडीतले जिने लाकडाचे आहेत, बाई!

आणि हो, कापूर-काड्यापेटी तिकडच्या भारतीय दुकानात मिळते. त्या जागेत चार चकल्या जास्त बसतील.