कायदा आणि अंतःकरण

राष्ट्राराष्ट्रांमधील सख्याविषयी थोरामोठ्यांनी आजवर जे चिंतन केले आहे, त्यातील बराचसा भाग सदिच्छेच्या स्वरूपाचा असला, तरी १९३२ साली आल्बर्ट आइन्स्टाइन आणि सिग्मंड फ्रॉइड यांच्यामध्ये जो पत्रव्यवहार झाला, त्यात सदिच्छेपेक्षा कारणमीमांसेला मोठे स्थान मिळाले, आणि म्हणूनच तो आजही मननीय आहे.

राष्ट्रसंघाच्या पॅरिस येथील बौद्धिक सहकार संस्थेने आइन्स्टाइनना अशी विनंती केली, की त्यांनी आपल्या पसंतीच्या विचारवंताशी आपल्या पसंतीच्या प्रश्नावर पत्रद्वारा चर्चा करावी. तेव्हा ३० जुलै रोजी, पॉट्सडॅमजवळच्या कापुट गावाहून, त्यांनी फ्रॉइडना विचारले, की युद्धाच्या संकटातून मानवजातीची सुटका होण्याचा काही मार्ग आहे काय? त्यांचे स्वतःचे मत असे होते, की तंट्यांचा निवाडा करणारे न्यायपीठ सर्व राष्ट्रांनी मिळून स्थापावे आणि त्याच्या निकालांची अंमलबजावणी व्हावी म्हणून प्रत्येकाने आपल्या सार्वभौमत्वाचा काही अंश सोडावा. अशा न्यायपीठाची निकड तेव्हा उघडच होती, कारण जपानने मांचुरिया बळकावून वर्षही लोटले नव्हते. राष्ट्रसंघापाशी चौकशी मंडळ होते, पण आक्रमकाला मागे हटविण्याची ताकद नव्हती. परंतु शस्त्रव्यापारात ज्यांचा लाभ आहे असे मूठभर लोक शाळा आणि वृत्तपत्रे हाताशी धरून सबंध समाजाला प्राणार्पणापर्यंत कसे भडकवू शकतात, हे आइन्स्टाइनना केवळ राजकारणाने उलगडत नव्हते. आणि या भूलथापांना अशिक्षितांपेक्षा सुशिक्षितच अधिक बळी पडतात, कारण त्यांना जीवनाची ओळख छापील कागदावरून होते, असेही त्यांनी आवर्जून नमूद केले.

शहात्तर वर्षांच्या फ्रॉइडनी सप्टेंबरात व्हिएन्नाहून जे उत्तर धाडले, त्याचा आरंभ, मनोविश्लेषक असूनही, त्यांनी कायद्यापासून केला. कायदा म्हणजे एका बलिष्ठाच्या जुलमावर अनेक दुर्बलांनी एकत्र येऊन बसविलेला समुदायाचा अंमल होय, असे सांगून त्यांनी आइन्स्टाइनच्या न्यायपीठाला दुजोरा दिला; मात्र मनुष्याच्या ठायी प्रेमाबरोबरच संहाराचीही प्रेरणा उपजत असून ती समूळ नाहीशी करण्याची आशा व्यर्थ आहे, असा स्पष्ट इशाराही दिला. तिला आवर घालावयाचा तर माणसामाणसांतील स्नेहाचे आणि समान हिताचे बंध वाढविले पाहिजेत, आणि जे जे संस्कृतीला पोषक ते ते युद्धाला मारक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९३३ मध्ये ही पत्रे प्रसिद्ध झाली, तोवर हिटलर सत्तारूढ झाला होता आणि जर्मनीत या पुस्तिकेला मज्जाव झाला. आइन्स्टाइननी स्वदेश सोडला, १९३८ साली फ्रॉइडना लंडनचा आश्रय घ्यावा लागला, आणि मागे राहिलेल्या त्यांच्या चार वृद्ध बहिणी नाझींच्या छळछावण्यांत मृत्युमुखी पडल्या. या भीषण परिणतीने दोघांचे चिंतन खोटे पडले नाही. उलट, त्याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत तेवढी सिद्ध झाली.

१९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला, तरी सुरक्षा समितीतील पाच बड्या राष्ट्रांनी नकाराधिकार स्वतःकडेच राखला, म्हणजे सार्वभौमत्वाचा तो अंश अद्याप कोणी खऱ्या अर्थाने सोडलेला नाही. तो सोडविणे सामान्य वाचकाच्या हाती नसेल. परंतु शेजारच्या राष्ट्राविषयी द्वेष चेतविणारा मजकूर समोर आला असता, तो कोणाच्या लाभाचा आहे हे विचारणे आणि आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतून परकीयांचे जे चित्र रंगविले जाते ते डोळसपणे पारखणे, हे आपणा प्रत्येकाच्या हाती निश्चित आहे, आणि आइन्स्टाइनचा इशारा सुशिक्षितांना असल्यामुळे ते आपले प्रथम कर्तव्यही आहे.